पाच लाख द्या, भाडं नको

ताई,

मी पंचवीस वर्षांची आहे. गाव बीड जिल्ह्यात. परळला एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हातात ३४,००० येतात, त्यातले ८,००० घरी पाठवते. तीन वर्षं कॉट बेसिसवर राहतेय. ८,५०० रुपयांत एक कॉट, अर्धं कपाट आणि बाथरूमला नंबर. आता धाकट्या भावाला ठाण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आम्ही दोघांनी एकत्र राहावं, जेवण करायला आईनं यावं, असं घरात ठरतंय.

डोंबिवलीत एजंटनं वन आरके दाखवलं. भाडं ९,००० आणि डिपॉझिट ४०,०००. नाहीतर हेवी डिपॉझिट. म्हणजे पाच लाख एकदम द्यायचे, दोन वर्षं भाडं शून्य, सोडताना पाच लाख परत. एजंट म्हणतो, ‘मॅडम, दोन लाख सोळा हजार वाचतात, पैसे पण सेफ.’ करार नोटरी करू, रजिस्टरचा खर्च कशाला, असंही म्हणाला. बाबा तयार झालेत. आईच्या पाटल्या आणि गंठण गहाण ठेवून दोन लाख, बाकी तीन लाख गावातल्या एकाकडून शेकडा दोननं. कळव्याला पण एक खोली बघितलीय, पण तिथं भाडं ११,००० आणि डिपॉझिट ५०,०००. माझ्याजवळ साठलेले ७०,००० आहेत. एजंटला रविवारपर्यंत सांगायचंय. काय करू?

कॉट नंबर तीन, परळ

*

कॉट नंबर तीन,

रविवारी एजंटला ‘नको’ म्हणून सांग. कारण पुढे लिहिते, पण आधी हे सांगून मोकळी हो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील.

एजंटनं तुला ९,००० गुणिले २४ करून दाखवलं. त्याचं गणित बरोबर आहे, फक्त अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तुझ्या गावात मांडायला हवं. शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याचे दोन रुपये. तीन लाखांवर महिन्याला ६,००० झाले. सोन्यावरच्या दोन लाखांना वर्षाचे दहा टक्के धरले तरी महिन्याला साधारण १,६५० होतात. म्हणजे हे ‘भाडं शून्य’ घर तुमच्या घराला महिन्याला ७,६५० रुपयांना पडतं. मुंबईत भाडं द्यायचं नाही, पण बीड जिल्ह्यात व्याज द्यायचं. फरक उरला महिन्याला साडेतेराशे रुपयांचा. तेवढ्यासाठी आईच्या पाटल्या सोनाराकडे, बाबांचा शब्द सावकाराकडे आणि पाच लाख एका अनोळखी माणसाकडे. बाबा ते व्याज तुला कधी सांगणार नाहीत, म्हणून ते तुझ्या हिशोबात आलं नाही. बापमाणसं असं लपवतात, आणि लेकींना चार वर्षांनी कळतं.

(शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. राज्यात २०१४ चा सावकारीचा कायदा आहे. त्यात परवाना असलेल्या सावकारालाही एवढा दर लावता येत नाही आणि परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे. गावात हे कोणी बोलत नाही, ते मलाही माहीत आहे.)

आता हाच व्यवहार मालकाच्या बाजूनं बघ, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. ती खोली त्यानं साधी भाड्यानं दिली तर त्याला वर्षाचे १,०८,००० मिळतात. ते सोडून तो तुझ्याकडून पाच लाख घेतोय. म्हणजे पाच लाख वापरायला मिळावेत म्हणून तो वर्षाला १,०८,००० मोजायला तयार आहे. टक्केवारी काढ, साडेएकवीस टक्क्यांच्या वर जाते. ज्याच्याकडे घर आहे त्याला बँक घर तारण ठेवून याच्या निम्म्या दरात कर्ज देते. मग हा बँकेत का जात नाही? बहुतेक वेळा याचं कारण असं असतं की तो बँकेत जाऊन आलेला असतो. घरावर आधीच कर्ज असतं, हप्ते थकलेले असतात, कागद अर्धवट असतात, नाहीतर धंद्यात पैसा अडकलेला असतो. हेवी डिपॉझिटमध्ये तू भाडेकरू दिसतेस, पण असतेस सावकार. बँकेनं ज्याला दारात उभं केलं नाही त्याला कर्ज देणारी सावकार, तीही स्वतः कर्ज काढून.

दोन वर्षांनी पैसे परत कुठून येतात? पुढच्या भाडेकरूकडून. नवा माणूस पाच लाख देतो, ते तुला मिळतात. नवा माणूस आला नाही तर ‘जरा थांबा, पार्टी बघतोय.’ आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब असंच चौदा महिने थांबलं. मुलीची शाळा बदलायची होती, सामान बांधलेलं होतं, पण घर सोडता येईना, कारण घर सोडलं की पैशावरचा हात गेला. या व्यवहारातली लोकांची खरी श्रद्धा हीच असते, पैसे दिले नाहीत तर आपण किल्ली देणार नाही! थोडे दिवस हे चालतंही. पण कायद्यानं बघितलं तर लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या भाड्याच्या करारावर, राहणाऱ्याचा त्या घरात हक्क तयार होत नाही, फक्त राहायची परवानगी असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ तर सांगतं की मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट द्यावी लागते. आणि मालकाचे हप्ते थकून बँक घराचा ताबा घ्यायला आली, तर तुझी किल्ली आणि तुझा नोटरीचा कागद दोन्ही घेऊन तू जिन्यात उभी राहशील.

डोंबिवलीच्या बाबतीत आणखी एक भीती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिथल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. खोट्या परवानग्यांच्या कागदांवर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या इमारती होत्या त्या. ज्यांनी घरं विकत घेतली त्यांचेच हाल सगळ्यांनी पाहिले. अशा इमारतीत ज्याचे पाच लाख अडकले असतील त्या भाडेकरूची कोण बातमी छापतंय?

हेवी डिपॉझिट कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. एखाद्याला निवृत्तीचे पैसे मिळालेत, ते पडून आहेत, मालक वीस वर्षांचा ओळखीचा आहे, घरावर बोजा नाही आणि करार नोंदणीकृत आहे, तर त्याचं जमतं. तुझ्याकडे यातलं एकही नाही.

आता त्या ‘नोटरी करू’ बद्दल. हे वाक्य ऐकलं की चप्पल पायात घालायची. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटरी म्हणजे सही तुम्हीच केली एवढीच साक्ष, ती नोंदणी नव्हे. आणि खर्चाचं म्हणशील तर लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का आहे. सगळ्या मुदतीचं भाडं धरायचं, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्का. (सरकारसुद्धा डिपॉझिटला फुकटचा पैसा समजत नाही, बघ.) तुझ्या पाच लाखांवर दोन वर्षांचं धरलेलं व्याज एक लाख, त्यावर शुल्क २५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. पाच लाखांच्या व्यवहारात मालक एवढ्या पैशांसाठी नोंदणी टाळत असेल असं मला वाटत नाही. त्याला तो व्यवहार कुठेतरी दिसायला नको आहे. बँकेला, सोसायटीला, प्राप्तिकराला, की घरातल्याच दुसऱ्या हिस्सेदाराला, ते त्यालाच ठाऊक.

तर डोंबिवली संपली. कळव्याकडे येऊ.

तू लिहिलं आहेस ‘पण तिथं भाडं ११,०००’. तो ‘पण’ मला तितका पटला नाही. तुझी सातची पाळी असेल तर डोंबिवलीहून तुला पाचच्या सुमारास घर सोडावं लागेल. दुसऱ्या पाळीनंतर रात्री परत, वर शेअर रिक्षाची रांग. कळव्यानं एका बाजूची पंधरा-वीस मिनिटं वाचतात, आणि भावाचं ठाणं तर पुढचंच स्टेशन. कळव्याला फक्त स्लो गाड्या थांबतात, पण परळलाही तुला स्लोच लागते, तेव्हा ते तुझ्या पथ्यावरच आहे. गर्दीच्या वेळी मात्र कळव्यात मागून भरून आलेल्या गाडीत पाय ठेवायला मिळत नाही. म्हणूनच तिथले लोक कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत चढायला रुळांवरून जातात. तू आणि भाऊ हा उद्योग करू नका. शेअर रिक्षानं ठाणं गाठायचं आणि ठाण्याहून सुटणारी स्लो पकडायची, तिघांच्या बाकावरची चौथी सीट तरी मिळते. दारात लटकणं भावाला आल्या दिवशीच बंद कर. जून २०२५ मध्ये दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये दारातली माणसं पडून गेली, तीही अशीच रोजच्या गर्दीतली होती.

पण कळव्यातही कुठली खोली, हे तू लिहिलं नाहीस. खारेगावच्या बाजूची की डोंगराच्या उतारावरची? विटाव्याकडची असेल तर पुलाखाली पावसात पाणी भरतं, मग रिक्षा बंद. एजंटबरोबर दुपारी जाऊन घर बघितलंस ते बघणं मोजू नकोस. एकदा एकटी, रात्री दहा-साडेदहाला, स्टेशनपासून चालत जा. दिवे आहेत का, कोण कुठे उभं असतं, तुझं तुलाच कळेल. दुसऱ्यांदा सकाळी पाणी येतं त्या वेळी जा. तळमजल्यावरच्या बाईला विचार, वॉचमनला नको, कारण वॉचमनला एजंटकडून काहीतरी मिळत असतं. भिंतीला नवा रंग असेल तर खिडकीखालचा कोपरा हातानं दाबून बघ. पावसाळ्याआधीचा नवा रंग मला कायम संशयास्पद वाटतो.

कागदात तीन गोष्टी माग: घराचा इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा), विजेचं बिल आणि सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल. तिन्हींवर एकच नाव हवं आणि तेच नाव समोरच्या माणसाच्या आधारवर हवं. नाव वडिलांचं, बोलतोय मुलगा, असं असेल तर करारावर सही वडिलांची. विजेचं बिल थकलेलं नाही ना, तेही त्यातच दिसतं. स्वस्त मिळतंय म्हणून एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतीतली खोली दाखवली तर मूळ माणसाला ती मिळून किती वर्षं झाली ते विचार, कारण ठरावीक वर्षं ती विकता किंवा भाड्यानं देता येत नाही. परळ-लालबागच्या चाळीतली पागडीची खोली कोणी ‘आतल्या आत’ देत असेल तर तीही नको. पोटभाडेकरू ठेवायला मूळ मालकाची संमती लागते, आणि ती नसेल तर बाहेर निघणारी पहिली तू असशील.

मोबाइलवरच्या जाहिराती बघतच असशील. ‘मी लष्करात आहे, पोस्टिंग झालं, टोकन पाठवा मग किल्ली देतो’ असा कोणी भेटला तर तो लष्करात नाही. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, ही मुंबईची रीत आहे. ते करार झाल्यावर द्यायचं. अकरा महिन्यांनी करार पुन्हा करताना परत महिनाभराचं मागतात, तेव्हा खुशाल नाही म्हण. त्यानं तेव्हा नवं घर शोधलेलं नसतं.

पैशाचं बघू. डिपॉझिट ५०,०००, पहिलं भाडं ११,०००, ब्रोकरेज ११,०००. अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क तीनशेच्या वर काही, नोंदणी १,०००, वर करार करून देणाऱ्याचे पैसे. मालक आणि भाडेकरू हे निम्मं निम्मं वाटून घेतात, तुझ्या वाट्याला दीड-दोन हजार धर. एकूण पंचाहत्तर हजारांच्या आसपास. भांडी, गादी, शेगडी वेगळी. तुझ्याकडे सत्तर आहेत. म्हणजे तू पाच लाखांनी कमी नाहीस, वीस-पंचवीस हजारांनी कमी आहेस! ते असे जमतील: मालकाला डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ३३,००० करायला सांग. केंद्रानं २०२१ मध्ये आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोनच महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. राज्यानं स्वतः तो कायदा केल्याशिवाय तो मालकाला बांधत नाही, पण बोलण्यात वापरायला हरकत नाही. तो अडूनच बसला तर अर्धं आता, अर्धं दोन महिन्यांनी, आणि हे करारात लिहून. आणि दोन महिने घरी ८,००० पाठवू नकोस. जे बाबा पाच लाख उभे करायला निघालेत त्यांना सोळा हजारांची कळ काढता येईल. तुझ्या कॉटचंही डिपॉझिट असेलच, तिथली नोटीस आजच दे.

भावासाठी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर चौकशी कर. तुमचा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, म्हणून नावं सगळी सांगते: अनुसूचित जातीसाठी स्वाधार योजना, जमातीसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि यात न बसणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला राहण्या-जेवणासाठी यातून पैसे मिळतात. स्वाधारमध्ये मोठ्या शहरांना वर्षाचे ६०,००० आहेत. पैसे उशिरा येतात, त्यावर भाडं ठरवू नकोस, पण अर्ज सोडूही नकोस.

करारात डिपॉझिटचा आकडा पूर्ण लिहिलेला हवा, आणि पैसे बँकेतून जायला हवेत. रोख दिलेलं आणि कागदावर नसलेलं डिपॉझिट म्हणजे दिलंच नाही. ते किल्ली देण्याच्या दिवशीच परत, असं वाक्य घाल. ‘नंतर पंधरा दिवसांत’ हे पंधरा दिवस फार लांबतात. माझ्या पहिल्या घरमालकांनी रंगाचे म्हणून निम्मं डिपॉझिट कापलं होतं, आणि त्या घराला आम्ही राहायला गेलो तेव्हाही रंग नव्हताच. पण ते मी सिद्ध कशानं करणार? तेव्हा खिशात कॅमेरा नव्हता. तुझ्याकडे आहे. सामान आत नेण्याआधी चारही भिंती, नळ, खिडक्या आणि विजेच्या मीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढ आणि तो मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेव. सोडायची नोटीस दोन्हीकडून एक महिन्याची ठेव. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, सहा महिन्यांपेक्षा जास्त नको, कारण तुझी नोकरी बदलू शकते. पोलिसांकडची भाडेकरू नोंद मालकानं करायची असते, पण झाली का ते तू विचार.

नोंदणीकृत कराराचा आणखी एक फायदा, त्यावर गॅसचं कनेक्शन मिळतं. तोपर्यंत पाच किलोचा छोटू सिलिंडर आण, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही.

‘जेवण करायला आईनं यावं’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. आई यावी, महिनाभर राहावी, सिद्धिविनायक बघावा, समुद्रात पाय बुडवावेत. पण सोयाबीन आणि बाबा गावाला टाकून तिनं दहा बाय बाराच्या खोलीत तुमच्या डब्यांसाठी बसावं, हे मला मान्य नाही. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला कुकर लावता येतो. येत नसेल तर येईल. भाडं तू देणार असशील तर रात्रीची भाजी-पोळी त्याची, हे आधीच ठरवून टाक. एकदा ताईनं केलं की मग ते ताईचंच होतं.

आणि बाबांना हा हिशोब फोनवर सांगू नकोस. ‘तू बघ बाई, मी आहे ना’ म्हणून ते फोन ठेवतील. कागदावर लिही: मालकाचे साडेएकवीस टक्के, गावातले चोवीस टक्के, राहिलेले साडेतेराशे रुपये. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठव. त्यांना शेतीचा हिशोब कळतो, हाही कळेल. फक्त पाटल्या सोनाराकडे गेल्या आहेत का, एवढं आत्ताच आईला विचार. गेल्या असतील तर तुझ्या सत्तर हजारांना आज हात लावू नकोस. आधी त्या सोडवायला किती लागतात ते बघ आणि मला परत लिही.

तुझी ताई